तंगी आली की आधी खेळणं जातं

आठवड्याच्या बाजाराला आपण जातो, तेव्हा घडणाऱ्या एका गोष्टीपासून आज सुरुवात करू. तेल, मीठ, मिरची, चहापत्ती घेऊन होते आणि परतताना खेळण्यांचे पाल लागते. भिंगऱ्या, पिपाण्या, बाहुल्या, छोटी मोटार, झुकझुक गाडी. लेकरू पदर ओढते. आपला हात पैशाच्या पिशवीकडे जातो. पाऊसपाणी बरे असेल, कांद्याला भाव असेल तर दहा-वीस रुपये निघतात. नाहीतर आपण म्हणतो, "पुढच्या बाजाराला घेऊ बाळा," आणि हात रिकामाच मागे येतो.

आपल्याला ती एवढीशी गोष्ट वाटते. पण त्याच दिवशी हजारो बाजारांत लाखो बायांचा हात असाच मागे येतो, तेव्हा कुठेतरी खेळणी करणाऱ्याची चूल थंड होते. मंदी म्हणतात ती हीच. घरात तंगी आली की धान्य थांबत नाही, औषध थांबत नाही, शाळेची वही कशीबशी येते. आधी थांबते ते खेळणे. म्हणून वाईट काळाची झळ खेळणी करणाऱ्यांना सर्वांत आधी लागते आणि चांगला काळ त्यांच्या दारी सर्वांत उशिरा येतो. आज आपण त्यांचाच इतिहास पाहू. आम्ही तो शोधायला का बसलो, तेही शेवटी सांगू.

पहिल्यांदा आपल्याच जिल्ह्यात डोकावू. आपल्या आज्यांच्या लहानपणी खेळणे विकत आणायची रीत फारशी नव्हती. पोळ्याला मातीचे बैल, खेळायला चूल-बोळकी, चिंध्यांची बाहुली, सागरगोटे. मातीची खेळणी कुंभाराच्या घरून यायची. कुंभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर मडकी, रांजण, पणत्या पुरवायच्या आणि खळ्यावर धान्य घ्यायचे, असा व्यवहार. लेकरांचे बैल आणि बोळकी त्यातच येत. वेगळे पैसे पडत नसत.

या व्यवहारात एक सोय होती आणि एक धोकाही होता. सोय अशी, की कुंभाराला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नसे. धोका असा, की खळेच भरले नाही तर त्याची ओंजळही रिकामी. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. १८७६ ते ७८चा मोठा दुष्काळ इथे पडला. १८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली आणि नगरला आगगाडी आली, तेव्हा माणसे त्याच दुष्काळातून नुकती बाहेर पडत होती. पुढे १९७२चा दुष्काळ. आपल्या गटांतल्या थोरल्या बायांना तो अजून आठवतो. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, लाल मिलोची भाकरी खायची, लेकरांना सुकडी मिळायची. मे १९७३च्या सुमारास राज्यभर दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे राबत होती. धान्य देणारा शेतकरी आणि धान्य घेणारा कारागीर, दोघेही एकाच खडीच्या ढिगावर बसले. बाभळीला बांधलेल्या झोळीत तान्ही झोपत आणि चालती लेकरे त्याच खडीतले गोल खडे वेचून सागरगोटे खेळत.

लेकराचे खेळणे दुष्काळातही थांबत नाही, हे यातून दिसते. थांबते ती विकत घेण्याची ऐपत. खेळणी करणाऱ्याचा सगळा इतिहास या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत घडलेला आहे.

आता जरा लांब जाऊ. १९२९ साली अमेरिकेतला शेअर बाजार कोसळला आणि जगभर महामंदी आली. त्या मंदीत आपल्याकडेही शेतमालाचे भाव दोन-तीन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. सावकाराचे कर्ज तेवढेच राहिले आणि ते फेडायला दुप्पट धान्य घालावे लागू लागले. तिकडे अमेरिकेत लायोनेल नावाची कंपनी होती. १९००च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये निघालेली ही कंपनी विजेवर चालणाऱ्या खेळण्यातल्या आगगाड्या करायची. रूळ, इंजिन, डबे, स्टेशन, सिग्नल, सगळे हुबेहूब. वस्तू सुरेख, पण महाग. मंदीत बापाचीच नोकरी गेल्यावर मुलाला विजेची आगगाडी कोण घेणार? १९३४ साली कंपनी इतकी बुडाली, की तिचा कारभार कोर्टाने नेमलेल्या माणसांच्या हाती गेला.

त्या वर्षी कंपनीने एक लहानसे खेळणे काढले. रुळावरची ढकलगाडी, तिच्यावर मिकी आणि मिनी हे दोन उंदीर समोरासमोर उभे. चावी दिली की दोघे वरखाली दांडा मारत गोल फिरायचे. किंमत एक डॉलर. महागडी गाडी न परवडणाऱ्या आईबापांना हा एक डॉलर काढता आला आणि अडीच लाखांच्या आसपास ढकलगाड्या खपल्या. दुसऱ्या वर्षी कंपनी कोर्टाच्या ताब्यातून सुटली. वर्तमानपत्रांनी लिहिले की उंदराने कंपनी वाचवली. गोष्ट गोड आहे, पण तेवढीच खरी नाही. एक डॉलरच्या खेळण्यात नफा थोडाच सुटतो. त्याच सुमारास काढलेल्या नव्या धर्तीच्या आगगाड्याही खपल्या, त्यांचा वाटा मोठा होता. ढकलगाडीने काय केले? दुकानातले गिऱ्हाईक तुटू दिले नाही. गिऱ्हाइकाची पिशवी लहान झाली, तेव्हा कंपनीने वस्तूही लहान केली.

त्याच मंदीतली दुसरी गोष्ट डेन्मार्क देशातली. बिलुंड नावाच्या खेड्यात ओले कर्क ख्रिस्तियानसेन हा सुतार होता. घरे बांधायची, दारे-खिडक्या करायच्या, हा त्याचा धंदा. गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे शेतकरी. मंदीत शेतमालाचे भाव पडले आणि घरे बांधणे बंद झाले. १९३२ साली त्याची बायकोही वारली. पदरात चार मुलगे. मोठी कामे नाहीत म्हणून त्याने लहान वस्तू करायला घेतल्या. बसायचे स्टूल, इस्त्रीची फळी आणि लाकडी खेळणी. कधी पैसे मिळत, कधी खेळण्याच्या बदल्यात खायच्या वस्तू घ्याव्या लागत. आपल्या बलुत्यासारखेच झाले म्हणा.

मध्येच यो-योची टूम निघाली. यो-यो म्हणजे दोरीवर वरखाली होणारी लाकडी चकती. त्याने भराभर यो-यो केले आणि टूम एकाएकी ओसरली. माल पडून राहिला. मग त्याने यो-यो मधोमध कापले आणि त्या चकत्यांची चाके करून खेळण्यातल्या मोटारींना लावली. मैत्रिणींनो, पडून राहिलेल्या मालाकडे कसे बघायचे, हे ज्याला कळले तो टिकला. त्याच सुताराच्या धंद्याचे नाव पुढे लेगो पडले आणि आज शहरातल्या दुकानांत ज्या रंगीत जोडायच्या विटा मिळतात, त्या त्याच कंपनीच्या. या कंपनीवर २००३-०४ मध्ये पुन्हा संकट आले, तेव्हा बाजारात जगभराची मंदी नव्हती. कंपनीने बागा, कपडे आणि इतर नाना उद्योगांत हात घातले होते. तो पसारा आवरल्यावर आणि विटांकडे परत वळल्यावरच ती सावरली. म्हणजे बुडायला दरवेळी मंदीच लागते असे नाही.

तिसरी गोष्ट मात्र आम्हाला सर्वांत जवळची वाटली, कारण ती भातुकलीतून सुरू होते. जर्मनीत ग्योपिंगेन नावाचे गाव आहे. तिथे मेर्कलिन आडनावाचा एक कारागीर पत्र्याची भांडी करायचा. १८५९च्या सुमाराला त्याने बाहुलीच्या घरासाठी पत्र्याची छोटी भांडी करायला सुरुवात केली. आपली भातुकलीच ती. त्याची बायको कॅरोलिन हा माल घेऊन गावोगाव विकायला फिरायची. त्या काळात बाईने एकटीने माल घेऊन परगावी जाणे तिकडेही सोपे नव्हते. १८६६ साली नवरा गेला. धंदा बंद पडेल असे लोकांना वाटले असेल, पण कॅरोलिनने तो चालू ठेवला आणि पुढे मुलांच्या हाती दिला. मुलांनी १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत एक नवी गोष्ट मांडली. चावीवर चालणारी आगगाडी आणि तिचे सुटे जोडता येणारे रूळ. आज थोडे रूळ घ्या, पुढच्या वर्षी आणखी घ्या, वळण घ्या, पूल घ्या. भातुकलीचा संच बाया जसा एकेक भांड्याने वाढवतात, तीच कल्पना. एकदा गाडी घेतलेले गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येत राहिले.

ही कंपनी दोन महायुद्धांतून तगली. पण २००८ साली जगात पैशाचे मोठे संकट आले, बँकांनी हात आखडता घेतला आणि फेब्रुवारी २००९मध्ये मेर्कलिनला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. भातुकलीला सुरुवात होऊन बरोबर दीडशे वर्षे झाली होती. आगगाड्यांची आवड असलेली माणसे संपली होती का? नाही. मुले पडद्यावरच्या खेळांकडे वळली होती, हे खरे. पण कंपनी मोडली ती कर्जापायी. दरवर्षी बँक कर्जाची मुदत वाढवून देईल, या भरवशावर कारभार चालला होता. बँकांनी नाही म्हटल्याबरोबर पगार द्यायला पैसे उरले नाहीत. पुढे देणेकऱ्यांशी तडजोड झाली, खर्च आवरला गेला आणि २०१३ साली खेळण्यांच्याच धंद्यातल्या एका कुटुंबाने ती विकत घेतली. कंपनी अजून आहे.

आता आपल्या मराठी मुलुखात परत येऊ. सिंधुदुर्गात सावंतवाडी आहे. तिथली लाकडी खेळणी ज्यांनी पाहिली असतील त्यांना चितार आळीतली ती लहान दुकाने आठवतील. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची केळी, आंबे, वांगी, मिरच्या, भातुकलीचा संच, भोवरे, रंगीत पाट. गंजिफा म्हणजे गोल पत्त्यांचा हाताने रंगवलेला खेळही तिथलाच. या कलेला सावंतवाडी संस्थानाचा आधार होता. संस्थाने विलीन झाली आणि तो आधार गेला. छापील पत्ते स्वस्तात मिळू लागले, पुढे प्लास्टिक आले. गंजिफा रंगवणारे हात इतके कमी झाले, की कला संपते की काय अशी वेळ आली. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी एका वृद्ध चितारी कारागिराकडून ती शिकून घेतली, राजवाड्यातच काम सुरू केले आणि इतर कारागिरांना बसवले. आज त्या राजवाड्यात रंगकाम चालते, ते यामुळे.

आधार बदलला तशी जोखीमही बदलली, हे इथे ध्यानात ठेवू. राजाच्या जागी पर्यटक आला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, मुंबई आणि गोव्याचे प्रवासी उतरू लागले. पण २०२० साली टाळेबंदी लागली, गाड्या थांबल्या, तेव्हा प्रवाशावर जगणारे प्रत्येक दुकान थांबले. ज्याचे एकच गिऱ्हाईक असते, त्याची एकच दोरी असते.

पुण्याची गोष्ट वेगळी आहे. कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. आपल्या भागातल्या शाळांच्या सहली पुण्याला जातात, तेव्हा शिक्षकांना जरूर सांगा. भाऊसाहेब जोशी हे स्वतः कारखानदार. लहानपणापासून आगगाडीचा नाद. अशा गाड्या आपल्या दुकानांत सहज मिळत नसत, म्हणून पुष्कळसे त्यांनी आपल्या हाताने आणि आपल्या कारखान्यात घडवले. १ एप्रिल १९९८ला ते संग्रहालय लोकांसाठी उघडले. एका खोलीत अख्खे शहर, सिग्नल, पूल, बोगदे, धावणाऱ्या गाड्या. इथे लोक खेळणे विकत घेत नाहीत, ते पाहण्यासाठी तिकीट काढतात. हजारो रुपयांची गाडी ज्याला परवडत नाही, तो थोड्या पैशांत ती धावताना पाहतो. लायोनेलच्या एक डॉलरच्या ढकलगाडीचीच ही दुसरी तऱ्हा म्हणा.

आता बाजारात काय बदलले ते पाहू. १ एप्रिल २००१पासून परदेशी मालावरची संख्येची बंधने उठली. त्यानंतर चिनी बनावटीची खेळणी आपल्या गावच्या पालापर्यंत आली. स्वस्त, चमकदार, दोन दिवसांत मोडणारी. कुंभाराचे बैल आणि सुताराचा पांगुळगाडा कोपऱ्यात गेला. फेब्रुवारी २०२०मध्ये सरकारने परदेशी खेळण्यांवरचा आयात कर २० टक्क्यांवरून ६० टक्के केला आणि २०२३मध्ये तो ७० टक्के झाला. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांवर आयएसआयचे चिन्ह सक्तीचे झाले. हे लेकरांच्या भल्याचेच आहे, कारण विषारी रंग आणि टोकदार कडा यांतून वाचायला हवे. पण तपासणीचा खर्च लहान कारागिराला कसा झेपणार? म्हणून केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांनी स्वतः करून विकलेल्या मालाला यातून सूट दिली गेली. कोणता गट खेळणी करायच्या विचारात असेल, तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन कारागीर नोंदणीची आजची माहिती आधी घ्या आणि मगच कापड-लाकूड खरेदी करा.

आता आम्ही या इतिहासात का शिरलो ते सांगतो. २०१९च्या हिवाळ्यात आमच्या गटाने कापडी बाहुल्या शिवायला घेतल्या. नऊवारीतली बाई, फेटेवाला शेतकरी, कापडाची बैलजोडी. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा असतात, तिथे पाल ठोकायचे ठरले. गटाच्या बचतीतून थोडे आणि बँकेच्या कर्जातून बरेच, असे भांडवल घातले. २५ मार्च २०२०, गुढीपाडवा. त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. एक जत्रा भरली नाही. नवरात्रात मोहटादेवीला तरी माल जाईल अशी आशा होती, पण त्या वर्षी देवळेच बंद होती. ती उघडली १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. बाहुल्यांची तीन गाठोडी आमच्यातल्या एकीच्या माळ्यावर पडून राहिली. दोघींनी गट सोडायची भाषा केली. एकीच्या घरात त्या कर्जावरून रोज वाद व्हायचे. बैठकीत बाहुली हा शब्द काढायची कुणाची छाती नव्हती.

उरलेल्या सुती कापडाचे आम्ही मास्क शिवले, जसे राज्यातल्या कितीतरी गटांनी तेव्हा शिवले. त्यातून हप्ते निघाले. यो-यो कापून चाके करणाऱ्या सुताराची गोष्ट आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हती. ती नंतर वाचली, तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "आपणही तेच केलं की गं." त्या दिवशी पहिल्यांदा माळ्यावरची गाठोडी खाली काढली. बाहुल्या झटकल्या, दोन-चार उंदरांनी कुरतडल्या होत्या, बाकीच्या चांगल्या होत्या. त्या अंगणवाडीत, हळदीकुंकवाला, बोरन्हाणाला, बारशाला एकेक करत गेल्या. सगळ्या संपायला दोन वर्षे लागली.

यंदा एका व्यापाऱ्याने आम्हाला मोठी मागणी दिली आहे. माल सगळा त्याला एकट्याला द्यायचा, पैसे दिवाळीनंतर. त्यासाठी बँकेचे कर्ज पुन्हा काढावे लागेल. बैठकीत दोन तट पडले. एक म्हणे संधी पुन्हा येत नाही, दुसरा म्हणे माळा अजून आठवतो. म्हणून आम्ही ठरवले, की आधी खेळणी करणारे आजवर कसे बुडाले आणि कसे तरले ते पाहू.

पाहिल्यावर बैठकीत आम्ही चार गोष्टी वहीत लिहिल्या. पहिली, गिऱ्हाईक एकटे नको. निम्मा माल व्यापाऱ्याला, निम्मा आपल्या पालावर आणि गावातल्या घरगुती कार्यांना. दुसरी, मोठ्या बाहुलीबरोबर दहा-वीस रुपयांची लहान बाहुली हवीच, म्हणजे तंगीतही कोणाचा हात अगदी रिकामा मागे जाणार नाही. तिसरी, जो माल खेळणे म्हणून खपला नाही तर दुसऱ्या कामी येईल, तेच कापड घ्यायचे. चौथी, बँक मुदत वाढवून देईल असे धरून कर्ज काढायचे नाही. एक अख्खा हंगाम विक्री झाली नाही तरी हप्ता निघेल एवढी बचत गटाच्या खात्यावर ठेवून उरेल तेवढेच काम घ्यायचे. हिशेब केला तेव्हा व्यापाऱ्याची मागणी निम्म्यावर आली. त्याला तसे कळवले आहे आणि काही रक्कम आगाऊ मागितली आहे. तो हो म्हणेल की दुसरीकडे जाईल, हे आज सांगता येत नाही. तो गेला तरी गट राहील, एवढी खात्री आहे.

तुमच्या गटात खेळणी नसतील, पापड असतील, शेवया असतील, मसाला असेल, शेळ्या असतील. पुढच्या बैठकीत हाच प्रश्न आपल्या धंद्याला विचारून पाहा. एक हंगाम सगळे बंद पडले, तर आपला हप्ता कोठून निघेल? उत्तर वहीत लिहा आणि आम्हाला कळवा. आलेली उत्तरे आपण पुढच्या एखाद्या कार्यक्रमात वाचू.

आणि पुढच्या बाजाराला लेकराने पदर ओढला, तर एखादे मातीचे बैल किंवा लाकडी भिंगरी आपल्या भागातल्या कारागिराकडून घ्या. परवडत नसेल तर घरी चिंध्यांची बाहुली करा आणि करताना लेकराला शेजारी बसवा. आमच्यातल्या निम्म्या जणी बाहुली शिवायला अशाच शिकल्या.